डावीकडे फायदा, उजवीकडे त्रास

सोमवार, ४ नोव्हेंबर

खोली माझी एकटीची आहे! हे आधी लिहून टाकते, बाकीचं मग.

दोन वर्षं दादाकडे स्वयंपाकघरात अंथरूण टाकून झोपले. सकाळी वहिनी दूध तापवायला यायची ती माझ्या पायांना वळसा घालून, आणि वळसा घातल्याचं मला कळेल अशा बेताने. इथे खिडकी आहे, खिडकीखाली टेबल आहे, टेबलाला कुलूप लागणारा खण आहे. पलंग जरा कुरकुरतो, पण वहिनीइतका नाही.

घर रस्त्याच्या टोकाला, दोन मजली. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि बाईंची खोली. वर समोरासमोर दोन खोल्या, एक माझी, एक पेशंटची. जिन्याच्या वरच्या टोकाला एक दार आहे. पेशंट पूर्वी झोपेत चालायचे म्हणून बसवून घेतलं, असं बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे घराच्या मालकीण. निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या आसपास, पाठ फूटपट्टीसारखी. अख्खा रस्ता त्यांना बाईच म्हणतो. स्वयंपाकघरात एकूण एक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली: साखर, मीठ, तांदूळ, सुतळी. एका डब्यावर ‘चिठ्ठ्या’ अशीही चिठ्ठी होती. मला हसू आवरेना. त्याही हसल्या. माणूस चांगलं वाटतंय.

पेशंट त्यांचा धाकटा भाऊ, वय बावन्न. सगळे त्यांना पेंटर म्हणतात, कारण बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मी आत गेले तर उठून उभे राहिले, आणि उठायला इतका वेळ लागला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

काम सोपं आहे. आंघोळ, दाढी, फिरवून आणणं आणि वही. मनाच्या आजारावरचं औषध आहे, सकाळ-संध्याकाळ थेंब. ते बाई स्वतः देतात, त्याला मी हात लावायचा नाही. डॉक्टर दुसऱ्या गावाहून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात. आज सकाळीच येऊन गेले, आमची चुकामूक झाली. त्यांनी वही आखून दिली आहे: डाव्या पानावर औषधाचा फायदा, उजव्या पानावर त्रास. मधल्या दिवसांत बाई त्यांना फोनवर वाचून दाखवतात.

चार वाजता बाईंनी कॉफी दिली. अशी कॉफी मी जन्मात प्यायले नव्हते.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पेंटर हळू बोलतात. शब्द तोंडात घोळवून घोळवून बाहेर काढतात. पण बोलतात ते मोजकं आणि नेमकं.

आज दाढी करताना त्यांनी आपणहून आजाराचं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच रंगवलेल्या पाट्या त्यांच्याशी बोलायला लागल्या. आधी बऱ्या बोलायच्या. ‘आ’चा काना नीट काढलास, असं कौतुक करायच्या. मग शिव्या द्यायला लागल्या. मग सांगायला लागल्या की ताईला कुणीतरी न्यायला येणार आहे, तिला लपव. त्यांनी बाईंना खालच्या कोठारात कोंडलं. दोन दिवस. बाहेर बसून दाराला पाठ लावून राखण केली.

औषधाने पाट्या गप्प झाल्या. ते म्हणाले, सिस्टर, हे औषध वाईट नाही हो. माझा हात धरून मला विहिरीतून बाहेर काढलं त्याने. मी ते सोडायचं म्हणत नाही. फक्त आता ते हात सोडत नाही.

मग स्वतःचे हात दाखवले. थरथरतात. ब्रश धरून सहा वर्षं झाली. कोपऱ्यात पाटी-पेन्सिल आहे, त्यावर ते रोज एक ओळ लिहितात. ओळीची सुरुवात बोराएवढ्या अक्षराने होते आणि शेवटी मुंगीएवढं अक्षर उरतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

डावं पान: पाट्या बोलत नाहीत. भीती नाही. झोप लागते. कुणाच्या अंगावर जात नाहीत.

उजवं पान: हात थरथरणे. लाळ गळणे. चौदा तास झोप, तरी थकवा. वजन, पँट दोनदा उसवून सैल केली. चालताना पाय अडणे. बसल्या जागी पाय सतत हलणे. चेहरा हलत नाही, हसले तरी हसल्यासारखे दिसत नाहीत. आणि त्यांच्याच शब्दांत, ‘मी काचेच्या पलीकडे आहे’.

बाईंनी संध्याकाळी वही तपासली. हो, तपासलीच! लाल पेन्सिलीने माझ्या ‘स्थिति’ची वेलांटी दुसरी केली. मग म्हणाल्या, सिस्टर, तुमचं उजवं पान फार बडबडं आहे. मी म्हटलं, बाई, जे दिसतं ते लिहिते. त्या म्हणाल्या, दिसायला शिकावं लागतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पेंटरना बाजारात नेलं. त्यांनी रंगवलेली प्रत्येक पाटी ते थांबून वाचत होते. चष्मेवाल्याच्या पाटीवरच्या डोळ्याला त्यांनी एक पापणी जास्त काढली होती, ती आज वीस वर्षांनी मला दाखवली. गिऱ्हाइकाला कळलंच नाही, म्हणाले. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत खोडकरपणा दिसला.

परत येताना भर रस्त्यात त्यांचे पाय जमिनीला चिकटले. पुढे नाही, मागे नाही. गाड्या दोन्ही बाजूंनी भोंगे वाजवताहेत. शेवटी औषधवाला दुकान सोडून धावला, आम्ही दोघांनी त्यांना बगलेत धरून पलीकडे नेलं.

त्यांना बाकावर बसवून पाणी देताना औषधवाला म्हणाला की हे असं अजून कसं? डॉक्टरांनी तर मेमध्येच थेंब निम्मे केले, चिठ्ठी मीच पाहिली. एव्हाना गडी खडखडीत व्हायला हवा होता.

मी बाईंना रोज थेंब मोजताना ऐकते. त्या मोठ्याने मोजतात, वर्गात हजेरी घ्यावी तसं. ते निम्मे नाहीत.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

बाईंना विचारलं. वाटलं होतं कानावर हात ठेवतील. त्यांनी सरळ कपाट उघडून दाखवलं. जुन्या बाटल्या ओळीने, प्रत्येकीवर तारीख. डॉक्टरांची मेमधली चिठ्ठीही होती, घडी न मोडलेली.

त्या म्हणाल्या, डॉक्टर त्याला महिन्यातून अर्धा तास बघतात. मी अकरा वर्षं बघतेय. मग कोठाराचं सांगितलं. दोन दिवस अंधार, पाणी नाही, आणि दाराबाहेरून तो गोड आवाजात सांगतोय की ताई, घाबरू नकोस, मी आहे. त्या आवाजाची भीती वाटली, त्या म्हणाल्या. ओरडला असता तर बरं झालं असतं. आणि मला विचारलं, तेव्हा माझा त्रास लिहायला कुणी वही आखली होती का?

मी म्हटलं, बाई, फायदा तुमच्या पानावर आणि त्रास त्यांच्या पानावर, असा हिशोब कसा चालेल? दोन डिसेंबरला डॉक्टर आले की मला सांगावं लागेल.

बाई डोळे पुसून म्हणाल्या की तुमचं बरोबर आहे, उद्यापासून मीच कमी करते. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुम्ही फार दमलात, म्हणाल्या. कॉफी केली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

झोप, झोप, नुसती झोप. काल नऊला उठले! बाई रागावल्या नाहीत. त्यांनीच पेंटरची दाढी उरकली होती.

हवा बदलली की मला होतं असं. पण छानही वाटतंय. दादाचं पत्र आलं, वहिनीने दोन टोमणे मारले होते नेहमीप्रमाणे. वाचलं आणि ठेवून दिलं. काहीच टोचलं नाही. जणू ते पत्र दुसऱ्याच बाईला आलं होतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

पायाला भिंगरी लागली आहे. बसवत नाही. उभं राहवत नाही. खोली चार पावलांची आहे. चार पावलं, वळण, चार पावलं. दुपारी किती वेळ चालले कुणास ठाऊक, बाईंनी खालून विचारलं की सिस्टर, काही हरवलंय का?

मान डावीकडे ओढते. पेशंटची लक्षणं नर्सला जाणवायला लागतात असं शिकताना ऐकलं होतं. तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज पेंटरच्या नखांना कात्री लावत होते. माझाच हात थरथरला. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, तुम्हालाही?

आधीची सिस्टरही अशीच खोलीत चालायची, म्हणाले. तिनेही डॉक्टरांना सांगते म्हटलं होतं. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला, दोन्ही बाजूंनी धरून. ती हसत होती.

मी या वहीची मागची पानं काढून बघितली. चार तारखेचं माझं अक्षर. आणि आजचं. ओळीच्या शेवटी मलाच वाचता येत नाही.

कॉफी.

शनिवार, २३ नोव्हेंबर

कॉफी खिडकीतून ओतली. संध्याकाळी तरीही तेच. सूपमध्ये असेल. पाण्यात असेल. सगळं त्याच रांधतात, सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, याच्यावर नाही.

औषधवाल्याकडे जावं म्हणून निघाले. तिसऱ्या पायरीवर पाय चिकटले. बाईंनी धरलं, वर आणलं, पलंगावर बसवलं, पांघरूण घातलं. जिन्याचं दार आता बंद असतं. पडाल म्हणून, म्हणाल्या.

दादाला फोन त्यांनीच केला. मला वर ऐकू येत होतं. सिस्टरची तब्येत जरा नाजूक आहे, मी काळजी घेतेय, पगार चालू राहील. दादा म्हणाला असणार, बाई, तुम्ही देवमाणूस. वहिनी सुटलीच. मी ओरडले. ओरडले असं मला वाटलं. तोंडातून घरघर आली नुसती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

सोमवार, २५ नोव्हेंबर

डॉक्टरांची वही पेंटरच्या खोलीत सापडली. माझी उजवी पानं नाहीत. फाडलेली नाहीत. ब्लेडने, पट्टी लावून कापली आहेत.

मागे एक नवं पान आहे. बाईंचं सुरेख अक्षर. मथळा: सिस्टर.

फायदा: प्रश्न विचारत नाहीत. जिना उतरत नाहीत. रडणं थांबलं. घरात शांतता.

त्रास: अक्षर बिघडलं. (वाईट वाटतं.)

बुधवार, २७ नोव्हेंबर

डोकं जरा हलकं आहे. मान सरळ होतेय. का ते कळेना.

आज कळलं. बाई ताटं वर आणून ठेवतात आणि पेंटरची चादर बदलायला वळतात. तेवढ्यात ते ताटं बदलतात. कपही. शनिवारपासून. ते हात! पाण्याचा पेला धरता येत नाही त्या हातांना, आणि एक थेंब सांडला नाही.

मी म्हटलं, अहो, तुम्ही दोघांचं घेताय. वर तुमचे थेंब वेगळेच. ते म्हणाले, दोघंही मुके राहून कसं चालेल. सोमवारी एकाला तरी बोलता यायला हवं. तुम्हाला वाक्य नीट जोडता येतं.

मी बदलू नका म्हणाले. रडले. रडायला आलं याचाच आनंद झाला —

त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. वाचता आलं नाही. नुसते ठिपके.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पेंटर तापले आहेत. एकशे चार. अंग लाकडासारखं. कोपर वाकत नाही. घामाने गादी भिजली. मला ओळखत नाहीत.

मी हे एकदा पाहिलंय, शिकत होते तेव्हा. या औषधाचं हे दुर्मिळ टोक आहे. औषध ताबडतोब थांबवायचं आणि दवाखाना. लगेच. उद्या नाही. त्या वेळी आम्ही उद्या म्हणालो होतो.

बाईंना सांगितलं. पायावर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, सर्दीचा ताप आहे. कपाळावर ओली पट्टी ठेवली. किती शांत पडलाय, म्हणाल्या. मग तळमळ होऊ नये म्हणून थेंब मोजले. मोठ्याने.

मी बाटली हिसकावली. फुटली. कपाटात अजून आहेत.

शनिवार, ३०

खिडकीतून हाका मारल्या. आवाज येतोय आता, खणखणीत. गाडी बोलवा, माणूस मरतोय! समोरून जाणारा चष्मेवाला वर बघत थांबला. दोन बायका थांबल्या.

खाली बाई दारात आल्या. मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला. नवी पेशंट आहे हो, म्हणाल्या. दूरच्या नात्यातली. स्वतःला नर्स समजते. बिचारी.

चष्मेवाल्याने मान हलवली. बायकांनी मान हलवली. बाईंनी त्यांच्या मुलांना शिकवलंय.

मी अजून मोठ्याने ओरडले. जितकी मोठ्याने, तितकी —

खिडकीला आता फळी आहे.

रविवार, १ डिसेंबर. सकाळ

पेंटरचा श्वास उथळ. लघवी गडद, चहासारखी. उद्यापर्यंत नाही टिकणार.

बाई पहाटेपासून त्यांच्या उशाशी. आज थेंब मोजले नाहीत. त्यांचा हात हातात घेऊन बसल्यात. घाबरल्यात. पहिल्यांदाच चेहऱ्यावर दिसतंय. मी म्हटलं, बाई, फोन करा. तुमचा भाऊ आहे.

त्या म्हणाल्या, करते. पण तुम्ही बोलाल.

दुपार

कॉफी घेऊन आल्या. एक कप.

म्हणाल्या, हे घ्या, मी फोन करते. तुम्ही शांत असलात की सगळं शांतपणे होईल. त्याला नेतील, बरा करतील, परत आणतील. कुणाचं काही बिघडणार नाही.

कप हातात आहे. पिवळसर फेस. किती घातलंय, विचारलं. पुरेसे, म्हणाल्या.

प्यायले नाही तर हे इथेच जातील, माझ्यासमोर. प्यायले तर दवाखान्यात कुणाला सांगणार काय झालं ते? सर्दीचा ताप, असं बाई सांगतील. ते मानतील. सगळेच मानतात.

डावं पान. उजवं पान.

मी म्हटलं, आधी फोन. माझ्या कानावर पडू दे. पत्ता सांगा त्यांना, मग पिते.

कबूल झाल्या. शब्दाच्या पक्क्या आहेत.

तीन वाजून दहा

पत्ता सांगितला. ऐकला मी. गाडी वीस मिनिटांत.

प्यायले. समोर उभ्या होत्या, तळ दिसेपर्यंत. मग गाडीची वाट बघायला खाली गेल्या. जिन्याचं दार लावून.

वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात चढणार नाही सगळं. ही वही मी पेंटरच्या सदऱ्याच्या आत घालणार, पोटाशी, पट्ट्याखाली. सदरा कापतील तेव्हा सापडेल.

तीन वाजून एकवीस

जो कुणी सदरा काढेल त्याला —

हा सर्दीचा ताप नाही. मनाच्या आजाराचं औषध दुप्पट-तिप्पट गेलंय, नऊ दिवस तरी. ते थांबवा. आधी ते थांबवा. बाटल्या खालच्या कपाटात, तारखांसकट.

ते बरे झाले तर. झाले तर पुढचं. त्यांना औषध लागतं. नको असं नाही. पण किती, ते बाईंना विचारू नका. मला नको. वहीला नको. त्यांना विचारा. हळू बोलतात. थांबा. थांबलात तर नीट सांग

तीन अठ्ठावीस

भोंगा. कोपऱ्यावर.

जीभ जड. अक्षर बारीक होतंय, भिंगाने वाचा

जिन्यावर पाय. दोन माणसं. बाई म्हणताहेत इकडे, सांभाळून, पायरी —

वर अजून एक आहे, सिस्टर. समोरची खोली. विचाराल तर हसेल, बरं आहे म्हणेल. ऐकू नका. दार उघडून तिला